विलायती म्हणून मी सही केली

२०२२ साल. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मला एक्काहत्तर वर्षं झाली होती, आई सांगायची त्याप्रमाणे त्र्याहत्तर. दाखल्यावरची तारीख मास्तरांनी अंदाजाने टाकली होती. चौथीत मी शाळा सोडली आणि मग ती दुरुस्त करायला कुणी गेलं नाही. मला त्याची कधी गरजही वाटली नाही. माझं शिक्षण दुसरीकडे झालं.

नाशिकात द्वारका चौकाजवळ एक लाकडाची वखार होती. तिथे मी एकोणिसाव्या वर्षी लागलो आणि साठी उलटल्यावर बाहेर पडलो. आमचं गाव घोटीच्या वरच्या अंगाला, भाताचं. भात चार महिने, बाकीचे आठ महिने हात रिकामे. म्हणून नाशिकला आलो. आधी ट्रकमधून ओंडके उतरवले, मग मोजणीला उभा राहिलो, मग पारखीला. पारख म्हणजे आलेला ओंडका कोणत्या झाडाचा, आतून पोकळ आहे का, तोडून किती दिवस झाले, हे साल बघून आणि कोयत्याची एक ढलपी काढून सांगायचं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी. बिबळ्याला कोयता लावला की रक्तासारखा लाल रस येतो. शिवण दिसते दणकट आणि उचलली की हलकी निघते. पुढे पुढे गिऱ्हाइकाने काही विचारलं की शेठ माझ्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "त्याला विचारा." मोठमोठे बंगलेवाले, सुतार, कंत्राटदार. सगळ्यांना तेच. त्याला विचारा. माझ्या आयुष्यात मला मिळालेली पदवी म्हणायची तर ती एवढीच, आणि तिला मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

आता बाईंचं सांगतो.

मी राहतो ती कॉलनी शहराच्या कडेला, नाल्याच्या काठावर आहे. घर मुलाने घेतलेलं, पण समोरचा कट्टा माझा. कट्ट्याच्या डोक्यावर एक उंच झाड होतं, पांढरट खोडाचं, गुळगुळीत, वर पसरलेलं. सकाळी सातपासून अकरापर्यंत त्याची सावली मी खात होतो. आदल्या वर्षी पावसाळ्यात पलीकडच्या नव्या इमारतीत एक बाई राहायला आल्या. कॉलेजात झाडांचा विषय शिकवून निवृत्त झालेल्या. आल्या आणि महिन्याभरात त्यांनी दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या लोकांना झाडं ओळखायला शिकवणं सुरू केलं. तेही माझ्या कट्ट्यापाशी, कारण तिथे सावली. पहिल्याच रविवारी मला म्हणाल्या, काका, थोडं सरकून बसता का, लोकांना खोड दिसत नाही. मी सरकलो नाही. मला खोड दिसत होतं.

मी तिथेच बसून ऐकायचो, त्यांच्याकडे पाठ करून. ऐकायचं नसलं तरी कान बंद करता येत नाहीत. बाई सांगायच्या, आधी पान बघा. देठावर एकच पान आहे की लहान लहान पानांची जुडी. फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. तोडल्यावर चीक येतो का. कुरतडल्यावर वास कसला. कुड्याची पानं समोरासमोर आणि दुधासारखा चीक. पळसाला तीन पानं, पांगाऱ्यालाही तीन, पण पांगाऱ्याच्या फांदीला काटे. निर्गुडीची पाच बोटं. घाणेरी बाहेरून आलेली, तिची फांदी चौकोनी, तिच्यावर प्रेम करू नका. असं सगळं. लोक वहीत लिहून घ्यायचे. निवृत्त माणसं, दोन शिक्षक, एक बँकेतली मुलगी. मला हसू यायचं. माणूस ओळखायचा तर त्याच्या हाडापेरावरून ओळखावा, हे लोक त्याच्या सदऱ्याची बटणं मोजत होते.

पण एक गोष्ट लपवत नाही. एका रविवारी बाईंनी आमच्याच फाटकाजवळच्या झाडाचं पान खुडलं, बदामाच्या आकाराचं, मोठं, आणि म्हणाल्या, ही शिवण. मी अकरा वर्षं त्या झाडाला सायकल टेकवत होतो. शिवणीचे हजारो ओंडके मी हाताखालून काढले आणि जिवंत शिवण दारात उभी असताना ती मला कळली नव्हती. ती कोवळी होती, साल भरलेली नव्हती, म्हणून. मी तसं स्वतःला सांगितलं आणि त्या दिवसापासून बाईंचा जास्तच राग करू लागलो.

मग फेब्रुवारीतला तो रविवार आला. बाई माझ्या कट्ट्यावरच्या झाडाकडे वळल्या. म्हणाल्या, ही किन्हई, आपल्याकडची देशी, ओढ्यानाल्याच्या काठाने वाढणारी. मी तोंड वळवलं आणि सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, किन्हई नाही, हा विलायती शिरीष आहे, असल्या सालीचे ट्रक मी उतरवलेत.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, कशावरून म्हणता. मी म्हटलं, सालीवरून, पांढरी, गुळगुळीत, हिरवट झाक, विलायतीच. त्या म्हणाल्या, विलायती शिरीषाची साल काळपट आणि भेगाळलेली असते, शेंग जाड, काळी, चिकट, शेळ्या आवडीने खातात. या झाडाची शेंग कागदासारखी पातळ असते. वर बघा ना, लटकतायत. सगळ्यांनी माना वर केल्या. मी केली नाही.

"काका," बाई म्हणाल्या, "लाकूड ओळखणं वेगळं आणि झाड ओळखणं वेगळं."

बँकेतली मुलगी हसली. मोठ्याने नाही. पण मी बघितलं.

"चाळीस वर्षं मेलेलं लाकूड उगाच चाचपलं नाही मी," मी म्हणालो. "तुम्ही पुस्तकातून उतरल्या, मी ट्रकमधून. शेंगा बघून झाड ओळखायचं असेल तर बाजारात जाऊन शेवगा ओळखा."

कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या बाबा. ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. म्हातारा बरळला की असंच म्हणतात.

कॉलनीचे सेक्रेटरी हे सगळं गाडी पुसता पुसता ऐकत होते. चाळिशीचा माणूस, एका कंपनीत नोकरीला. त्यांना ते झाड नकोच होतं. पाला आणि शेंगा गाड्यांवर पडतात, तिथे पत्र्याची शेड टाकली तर आठ गाड्या मावतील, असं त्यांचं कधीपासून चाललं होतं. पण देशी झाड म्हटलं की बाई आणि त्यांची माणसं आडवी येणार. बुधवारी ते माझ्याकडे आले, खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या वखारीची चौकशी केली. किती वर्षं, कसलं कसलं लाकूड. मी सांगत गेलो. मग म्हणाले, झाड काढायच्या परवानगीचा अर्ज करायचाय. झाड विलायती आहे असं जाणकार माणसाने लिहून दिलं तर काम सोपं होतं. सोमवारी अर्ज द्यायचा आहे.

"बाबा, तुमच्याएवढा जाणकार इथे कोण आहे? तुम्हालाच विचारणार ना," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं. मला कळत होतं की माझ्या डोक्यावरची सावली जाणार आहे. दहा वाजल्यानंतर तो कट्टा तव्यासारखा तापेल हेही कळत होतं. तरी मी चष्मा लावला आणि सही केली. माझी सही मोठी आहे, एका ओळीत मावत नाही. सही करताना मला झाड दिसत नव्हतं, बँकेतल्या मुलीचं हसू दिसत होतं. सही कोरडी झाल्यावर सेक्रेटरी लगेच उठले. वखारीची गोष्ट अर्धीच राहिली होती.

शुक्रवारी वारं सुटलं. माझी सून अंगण झाडत होती. ती मला मामा म्हणते आणि सहसा मला काही बोलत नाही. त्या दिवशी बोलली. ओंजळभर शेंगा घेऊन माझ्यापुढे आली. पातळ, चपट्या, तांबूस, एकेक वीतभर. वाऱ्याने उडून घरात आल्या होत्या, पार देव्हाऱ्यापर्यंत.

"मामा, तुमच्या विलायतीने घर भरलं माझं," ती म्हणाली. "पतंगासारख्या उडतात मेल्या."

मी एक शेंग हातात घेतली. आतल्या बिया सालीवरून मोजता येत होत्या, खुळखुळत होत्या. चिकट काही नव्हतं, जाड काही नव्हतं. शेळीने तोंड लावलं नसतं. मी ती शेंग कानाशी धरून हलवली तेव्हा सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, केर काढ तुझा. शेंग मात्र खिशात ठेवली.

शनिवारी सकाळी मुलाला काही न सांगता मी रिक्षाने द्वारकेला गेलो. वखार आता नाही, तिथे फरशांचं दुकान आहे, काचेचं. पण रस्त्याच्या कडेला दोन जुने विलायती शिरीष अजून आहेत, हे मला माहीत होतं, कारण लोक त्यांना तेच म्हणतात. नाशिकला आल्यापासून ऐकलेलं. आणि आजवर मला कधी प्रश्न पडला नव्हता की एकाच नावाची दोन झाडं एवढी वेगळी कशी. एक वखारीत, एक रस्त्यावर. तशा काळ्या, भेगा पडलेल्या सालीचा ओंडका वखारीत आला की आम्ही त्याला नुसतं जंगली म्हणायचो आणि बाजूला टाकायचो. मी खाली वाकलो. रिक्षांच्या चाकाखाली चेंगरलेल्या शेंगा पडल्या होत्या. एक उचलली. जाड, काळी, आणि बोटांना गुळासारखी चिकटली. बाई म्हणाल्या तशी. अगदी शब्दाला शब्द. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता, आजोबा मरायचंय का म्हणून. मी चिकट बोटं धोतराला पुसली.

तिथून मागच्या गल्लीत गेलो. तिथे आमच्या वखारीतला आरा मशीनवाला राहतो. ओंडके चिरायचं काम त्याचं. देवळ्याकडचा आहे. उजव्या हाताची दोन बोटं मशीनने नेली, आता कानही गेलेत. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. सहा वर्षांत मी त्याच्याकडे गेलो नव्हतो, कारण शेवटच्या भेटीत आमचं भांडण झालं होतं, कशावरून ते दोघांनाही आठवत नाही. त्याने मला बघून उठायची तसदी घेतली नाही. चहाही विचारला नाही. मी पातळ शेंग त्याच्यापुढे धरली आणि ओरडून विचारलं, पांढऱ्या सालीचं ते झाड, आपण ज्याला विलायती म्हणायचो ते, त्याची शेंग ही. हे कुठलं झाड.

त्याने शेंग बघितली, मग मला बघितलं.

"किन्हई शे," तो म्हणाला. "तू किन्हई घेऊन माझ्याकडे कशाले आला?"

मी म्हटलं, वखारीत आपण याला विलायती शिरीष म्हणायचो. तो हसायला लागला. आधी नुसता हसला, मग खोकायला लागला, मग त्याचा मुलगा पाणी घेऊन आला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने सगळं सांगितलं आणि प्रत्येक वाक्यानंतर पुन्हा हसला. देशी झाडाला परवानगीची, लाकूड नेण्याच्या पासची, नाक्यावरच्या तपासणीची कटकट. विलायतीला कमी. म्हणून शेठ किन्हईच्या पासवर विलायती शिरीष लिहून घ्यायचे आणि वखारीत प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावायचे, ही पांढरी साल दिसली की विलायती म्हणायचं. बाकीच्यांना त्यातलं कळलं होतं. कुणी मागच्या दाराशी बिडी ओढताना विचारलं, कुणाला दुसऱ्याने सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही. मी नवीन होतो, गावाकडचा, शेठ बोलले ते मी जसंच्या तसं घेतलं आणि सालीला ते नाव चिकटवून टाकलं. पुढे तीच माझी पारख झाली.

मी म्हटलं, पण शेठ गिऱ्हाइकांना माझ्याकडे पाठवायचे.

त्यावर मात्र तो हसला नाही. कदाचित माझं तोंड बघून. आपला तुटका हात त्याने माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"अरे भो, शेठ तुलेच का पुढे करे? तपासणीवाला येवो का गिऱ्हाईक येवो, आम्ही खोटं बोललो की तोंडावर दिसे. तुले ते खरंच वाटे."

मी उठलो. तो म्हणाला, बस, चहा सांगतो. आता म्हणाला. मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी पाजायचा होतास. त्याच्या गल्लीतून मी रस्त्यावर आलो. दोन रिक्षा रिकाम्या गेल्या, मी हात केला नाही. फरशांच्या दुकानाच्या काचेत एक म्हातारा दिसला, हातात शेंग धरलेला. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो तर आतला पोरगा बाहेर आला आणि म्हणाला, बाबा, काय पाहिजे. मी त्याला शिवी दिली. त्याचा काही दोष नव्हता.

घरी येईपर्यंत मी सगळ्यांवर चिडून घेतलं. शेठवर, तर ते जाऊन पंधरा वर्षं झाली. मशीनवाल्यावर, चाळीस वर्षं शेजारी बसून गप्प राहिला म्हणून. सेक्रेटरीवर, कारण त्याने शेठचंच वाक्य वापरून माझ्याकडून सही घेतली. बाईंवर सगळ्यात जास्त, कारण त्या बरोबर होत्या. सून जेवायला हाक मारत होती, मी नको म्हटलं. कट्ट्यावर जाऊन बसलो. वर बघितलं. मान दुखेपर्यंत बघितलं. त्या झाडाखाली अकरा वर्षं बसून मी पहिल्यांदा वर बघत होतो. पानं बारीक, जोडीजोडीने, एका देठाला फुटलेल्या दुसऱ्या देठांवर. बाईंनी शिकवलं होतं तसं मी ती मोजायला लागलो आणि मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की मला ते सगळं पाठ आहे. पाठ करून बसून ऐकलेलं. पान, देठ, शेंग, सगळं.

आणि सोमवारी तो अर्ज जाणार होता. झाड आपल्या मुळावर उभं होतं आणि त्याला विलायती करणारी सही माझी होती. शेठने खोटं लिहिलं ते तोडलेल्या ओंडक्यावर. मी लिहिलं ते उभ्या झाडावर. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळणार नव्हतं, बाई ओरडल्या असत्या आणि लोक म्हणाले असते, बाबांनी सांगितलंय, त्यांना कळतं. तीच ती पदवी. ती ठेवायची तर झाड द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेसहाला, मी सेक्रेटरीचं दार वाजवलं. ते तोंडात ब्रश घेऊन आले. मी म्हटलं, अर्ज दाखवा. त्यांना वाटलं, कौतुकाने बघायचा असेल, आत जाऊन घेऊन आले. मी दारातच तो भिंतीवर टेकवला, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीवर तीनदा आडवी रेघ मारली. तिसऱ्या रेघेला कागद फाटला. खाली लिहिलं, हे झाड किन्हई आहे.

"बाबा, तुम्हीच तर सांगितलं होतं," ते म्हणाले. तोंडातला फेस हनुवटीवर आला होता.

"मीच सांगितलं होतं. मीच खोडलं. नवीन अर्ज लिहा आणि कुणाचीही सही घ्या. माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी कट्ट्यावर असतो."

सातला बाई आल्या, लोक आले. मी कट्ट्यावर बसलेलो नव्हतो, उभा होतो. त्यांनी वह्या उघडायच्या आधीच मी शेंग वर धरली. म्हटलं, ही किन्हई आहे. मागच्या वेळी मी विलायती म्हणालो ते चूक होतं. बँकेतली मुलगी खाली बघत होती. मग मी बाईंना म्हटलं, पण साल मी बरोबर ओळखली होती. ज्या झाडाची ती साल, त्याच झाडाची होती. नाव मला खोटं दिलं होतं.

त्यांनी विचारलं, कुणी दिलं.

"ते तुम्हाला सांगायचं कारण नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. कुणाला तरी खूण केली, त्याने प्लॅस्टिकची खुर्ची आणून माझ्यापुढे ठेवली, पहिल्या रांगेत. बाई म्हणाल्या, बसा काका, आज नाल्यापलीकडची झुडपं घेऊ.

मी बसलो नाही. किन्हईच्या खोडाला पाठ टेकवून उभाच राहिलो, आणि तिथून जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं.